चाकबाबाची गाभण हरणी

ट्रक स्टँडच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्या दुपारी मुंगीला शिरायला जागा नव्हती. ड्रायव्हर होते, क्लीनर होते, गॅरेजातले मेकॅनिक हातातले पाने तसेच घेऊन आले होते, आणि समोरच्या बँकेतले दोन कारकून जेवणाची सुट्टी ताणून टाचा उंचावून उभे होते. मधोमध लोखंडी घोडीवर ट्रकचं एक चाक टांगलेलं होतं आणि चाकापुढे डोळे मिटून चाकबाबा बसला होता.

चाकबाबाचा थाट बघण्यासारखा होता. अंगात पांढराशुभ्र बॉयलर सूट, छातीपर्यंत रुळणारी दाढी आणि गळ्यात बेअरिंगच्या चकचकीत गोळ्यांची माळ. मेकॅनिकने संन्यास घेतला तर तो कसा दिसेल, तसा तो दिसायचा.

“जनावर मरतं,” डोळे न उघडता तो म्हणाला, “पण त्याचा जीव जातो कुठे? वर? वर जायला वेळ कुणाला आहे? गाडी येते सुसाट. जीव भांबावतो आणि समोर जे फिरत असतं त्याला चिकटतो. चाकाला. चाकातून ॲक्सलला, ॲक्सलमधून स्टिअरिंगला, स्टिअरिंगमधून तुमच्या हाताला आणि हातातून सरळ तुमच्या घरात. ही अंधश्रद्धा नाही बरं का. हे सायन्स आहे.”

सायन्स म्हटल्यावर सगळ्यांनी माना डोलावल्या. कारकुनांनी जरा जास्तच डोलावल्या.

बाबाने एका बरणीतलं पाणी ओंजळीने चाकावर शिंपडलं. हे शांतिजल. मग पत्र्याच्या डब्यातून एक पांढरा, कोरडा फडका काढला, तो चारी बाजूंनी फिरवून दाखवला आणि ओल्या टायरवरून हळूच ओढला. फडका लाल झाला. नुसता लाल नाही, असा भडक की मागच्या रांगेतल्यांनाही दिसावा. शेडमधून एकच हुंकार उठला. त्या चाकाचा मालक मटकन खाली बसला आणि रडायला लागला.

“दिसलं रक्त? तुमच्या डोळ्यांना दिसत नव्हतं, माझ्या फडक्याला दिसलं,” बाबा म्हणाला. मग त्याने दुसऱ्या बरणीतलं क्षमाजल फडक्यावर ओतलं. लाल रंग बघता बघता विरला आणि फडका पुन्हा पांढरा झाला. “जनावराने माफ केलं. पण चाक इथेच ठेवायचं. शापित चाक गाडीला परत लावायचं नाही.”

मालकाने चाकाकडे पाहिलंसुद्धा नाही. नवंकोरं नसलं तरी चांगल्या अवस्थेतलं टायर होतं ते. बाबाच्या मेहुण्याने ते घरंगळत ताडपत्रीमागे नेलं.

हे सगळं दाराच्या चौकटीला टेकून एक बाई बघत होती. तिला गावात डॉक्टरीणबाई म्हणत. माणसांची नव्हे, जनावरांची. घोड्याच्या तोंडात कोपरापर्यंत हात घालणारी ही बाई सहसा कशाने गडबडत नसे. पण आज ती गडबडली होती, कारण बाबाच्या शेजारी जो शांतिजलाची बरणी धरून, मान खाली घालून बसला होता, तो तिचा सख्खा धाकटा भाऊ होता.

भाऊ टेम्पो चालवायचा. हसरा, बडबड्या, स्टँडवर त्याच्याशिवाय कुणाचा चहा संपायचा नाही. बायको सातव्या महिन्यात होती आणि हा पठ्ठ्या आत्ताच बाळाला पुढच्या सीटवर बसवायच्या गोष्टी करायचा. तो गेला आठवडाभर घरी गेला नव्हता. इथेच, या शेडमध्ये, टायरांच्या ढिगाला टेकून झोपत होता.

गर्दी पांगल्यावर डॉक्टरीणबाईने त्याला बाहेर गाठलं.

“घरी का येत नाहीस?”

“ताई, मला विचारू नकोस.”

“मग कुणाला विचारू? तुझ्या बायकोला? ती बिचारी रोज दारात उभी असते.”

भावाचा चेहरा कसनुसा झाला. मग एकदाचं त्याने सांगितलं. दगडखाणीच्या वळणावर, दिवस मावळताना, तपकिरी काहीतरी आडवं आलं. धाडकन आवाज झाला. आणि तो थांबला नाही.

“थांबला नाहीस,” ती म्हणाली.

“थांबायचं नसतं. मागे वळून पाहायचं नसतं, आरशातसुद्धा नाही. इंजिन बंद न करता थेट बाबांकडे यायचं. आपण पाहिलं की त्याचा जीव आपल्याला पाहतो. स्टँडवर सगळ्यांना ठाऊक आहे.”

“मग ते जनावर कोणतं होतं हे तुला कसं कळलं?”

“बाबांनी सांगितलं. चाकावर हात ठेवला आणि ढसाढसा रडले. म्हणाले, हरणी होती. गाभण होती.” त्याचा आवाज फाटला. “म्हणाले, ती पिल्लाच्या बदल्यात पिल्लू मागते आहे. बाळ होईपर्यंत मी घराचा उंबरा ओलांडायचा नाही, बायकोला तोंड दाखवायचं नाही, स्टिअरिंगला हात लावायचा नाही. इथे सेवा करायची.”

डॉक्टरीणबाईच्या कानशिलाची शीर उडायला लागली. ती तडक त्याच्या टेम्पोपाशी गेली. निळा टेम्पो एका बाजूला विटांवर उभा होता, डाव्या पुढच्या चाकाच्या जागी नुसतेच बोल्ट. डावीकडचा साईड इंडिकेटर फुटला होता. नारिंगी प्लास्टिकचा एक कोपरा गायब होता आणि बंपरवरचा निळा रंग खरवडून निघाला होता.

तो कोपरा कुठे आहे, ते तिला चांगलं ठाऊक होतं. तो तिच्या दवाखान्यात स्टीलच्या वाटीत पडला होता. तिने स्वतः चिमट्याने तो एका गाढवाच्या मांडीतून काढला होता.

गाढव वीटभट्टीवरचं होतं. त्याची मालकीण, भट्टीवरची मावशी, त्याला साहेब म्हणायची, कारण ते मनात असेल तेव्हाच काम करायचं. त्या संध्याकाळी मावशीला साहेब वळणावर मातीत बसलेला सापडला. मांडी फाटलेली, कातडीवर निळा रंग. तिने आणि भट्टीवरच्या बायकांनी त्याला फळकुटावर घालून दवाखान्यात आणलं होतं. हाड शाबूत होतं. टाके पडले, साहेब दोन दिवस रुसला आणि तिसऱ्या दिवशी त्याने डॉक्टरीणबाईच्या रुमालाचं टोक खाल्लं.

“अरे, ती हरणी नाही,” ती परत येऊन म्हणाली. “गाढव आहे. नर गाढव. आणि जिवंत आहे. तुझ्या इंडिकेटरचा तुकडा माझ्याकडे आहे. चल, दाखवते.”

भावाने मान हलवली. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, पण पाय जागचा हलला नाही.

“बाबांनी आधीच सांगितलं होतं, घरचे असंच काहीतरी सांगतील. माझं समाधान करायला तू बोलते आहेस, ताई. आणि मी बघायला आलो तर ते मागे वळून पाहणंच झालं ना? मग बाळाचं काय?”

इथे डॉक्टरीणबाईला चाकबाबाची खरी करामत कळली. फडका, पाणी, दाढी, हे सगळं वरवरचं. खरी करामत होती ती मागे न पाहण्याच्या नियमात. एकदा का मागे पाहायचं नाही म्हटलं की जनावर हरणी होती की गाढव, मेलं की उठून घरी गेलं, हे कुणीच तपासायला जात नाही. मग बाबा सांगेल ते जनावर, बाबा सांगेल ते मरण.

आणि या नियमापायी काय काय झालं होतं, हेही तिनेच पाहिलं होतं. नुसता पाय मोडलेली कुत्री तासन्‌तास रस्त्यात तडफडून दुसऱ्या गाडीखाली गेली. वळणावर मेलेलं घोडं कुणी बाजूला केलं नाही, आणि अंधारात त्याला धडकून मोटारसायकलवरचे एक शिक्षक जन्माचे अधू झाले. त्या घोड्याला उडवणाऱ्या ड्रायव्हरने मात्र चाक धुऊन घेतलं होतं आणि तो निवांत झोपला होता.

“तो फडका तुला दिलाय का एखादा?” तिने विचारलं.

भावाने खिशातून घडी केलेला पांढरा तुकडा काढला. उशाखाली ठेवायला बाबाने दिला होता. तिने तो जवळजवळ हिसकावूनच घेतला.

दवाखान्याच्या मागच्या खोलीत भावाची बायको, वहिनी, तिची वाट बघत बसली होती. पोटावर हात, पायांवर सूज आणि चेहऱ्यावर निर्धार. डॉक्टरीणबाईने सगळं सांगितलं, गाभण हरणीसकट. वहिनीने ऐकून घेतलं. ती रडेल असं वाटलं होतं, पण ती उठून पाणी प्यायली आणि पुन्हा बसली.

“ताई, माझ्या बाळाची किंमत एका टायरएवढी केली त्या माणसाने,” ती म्हणाली.

“आधी हे बघ.” डॉक्टरीणबाईने फडका टेबलावर पसरला. “मला पहिल्यांदा रंगच खटकला. मी रोज रक्त बघते. टायरवर वाळलेलं रक्त तपकिरी होतं, मग काळं पडतं. असा लाल-गुलाबी भडक रंग साडीच्या दुकानात असतो, जखमेत नसतो. आणि दुसरी बरणी उघडल्यावर आंबट वास आला. तेव्हा मला आमची शाळेतली प्रयोगशाळा आठवली.”

तिने धुण्याचा सोडा पाण्यात विरघळवला आणि त्याचे थेंब फडक्यावर टाकले. जिथे थेंब पडला तिथे लाल ठिपका उमटला. वहिनी पुढे वाकली. मग डॉक्टरीणबाईने त्यावर व्हिनेगर ओतलं. ठिपके बारीक फसफसले आणि नाहीसे झाले.

“फिनॉल्फथॅलीन,” ती म्हणाली. “शाळेत आम्ल आणि अल्कली ओळखायला वापरायचो. फडका त्यात आधीच बुडवून वाळवलेला असतो, म्हणून पांढरा दिसतो. शांतिजल म्हणजे सोड्याचं पाणी. ते लागलं की लाल. क्षमाजल म्हणजे व्हिनेगर. ते लागलं की पुन्हा पांढरा. जनावराचा यात काही संबंध नाही.”

“एवढंच?”

“एवढंच.”

वहिनीने ती ओली चिंधी चिमटीत उचलली. “या एवढ्याशासाठी ते माझं तोंड पाहत नाहीत,” ती म्हणाली. “उद्या मी येते तुमच्याबरोबर.”

“तू अजिबात येणार नाहीस. त्या गर्दीत तुझी अशी अवस्था...”

“माझी अवस्था म्हणूनच येणार. त्यांना भीती माझ्या पोटाची आहे ना? मग पोट घेऊनच येते.”

“बरं, पण आधी बाहेरच थांब,” डॉक्टरीणबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेड पुन्हा भरली. डॉक्टरीणबाई या वेळी चौकटीला टेकून उभी राहिली नाही. ती सरळ मधोमध आली, आणि तिच्यामागून एक टायर घरंगळवत हँडब्रेककाका आले. हे स्टँडवरचे सगळ्यात जुने ड्रायव्हर. गाडी इतकी जपून चालवायचे की हँडब्रेक ओढूनच चालवतात असं पोरं म्हणत. म्हातारा बाबाला मानणारा होता, पण त्याहून जास्त खरं बोलणारा होता. म्हणून तिने त्यांनाच गाठलं होतं.

“बाबा, काकांच्या चाकालाही शांती हवी आहे,” ती म्हणाली.

“येऊ दे, येऊ दे,” बाबा प्रसन्न होऊन म्हणाला. दवाखान्याची बाई स्वतः आली, याहून मोठी जाहिरात ती कोणती? त्याने टायरवर हात ठेवला, डोळे मिटले आणि कण्हला. “कुत्रं आहे. काळं कुत्रं. डोळ्यांत माया होती त्याच्या. काका, कसं हो चालवलं हे चाक त्याच्यावरून?”

काकांनी तोंड उघडलं, पण डॉक्टरीणबाईने डोळ्यांनी गप्प केलं. बाबाने शांतिजल शिंपडलं, फडका ओढला, फडका लाल झाला, आणि गर्दीतून नेहमीचा हुंकार उठला.

“आता बोला, काका,” ती म्हणाली.

“हे टायर,” काका घसा खाकरून म्हणाले, “मी आत्ता दुकानातून आणलंय. वरचा कागदसुद्धा निघालेला नाही. हे अजून गाडीला लागलेलंच नाही.”

त्यांनी टायर फिरवलं. कंपनीचा गोल कागद रबराला चिकटलेला होता. गर्दी माना लांब करून बघायला लागली. मागे कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच थांबलं.

बाबा कच्च्या गुरूचा चेला नव्हता. “कारखान्यात,” तो शांतपणे म्हणाला, “रबराच्या यंत्रात एखादं मुकं कुत्रं सापडलं असेल. चाकाला जन्मापासूनचं सगळं आठवत असतं.”

“असं होय,” डॉक्टरीणबाई म्हणाली. तिने बरणीत बोटं बुडवून शेडच्या सिमेंटच्या खांबावर पाणी मारलं, आणि डब्यातून नवा फडका घेऊन खांबावरून ओढला. लाल. “हा खांब कुणाच्या अंगावरून गेला?”

आता हसू दाबणं कठीण झालं. बाबाच्या मेहुण्याने डबा उचलायचा प्रयत्न केला, पण एका मेकॅनिकने पाना आडवा धरला. डॉक्टरीणबाईने आणखी एक फडका घेतला आणि बाबाचा उजवा हात धरला. दिवसभर शांतिजलात बुडून ओला असलेला तो हात तिने फडक्याने पुसला. फडका भडक लाल झाला. तिने तो उंच धरून सगळ्यांना दाखवला.

“बाबा,” तिने विचारलं, “तुम्ही कुणाला मारलंत?”

बाबाची ततपप झाली. मग त्याने पवित्रा बदलला. दाढी थरथरवत तो उभा राहिला आणि त्याने बोट रोखलं, तिच्याकडे नाही, तर तिच्या भावाकडे.

“हसा. खुशाल हसा. पण हरणी हसत नाही. तिला पिल्लू हवं आहे. या पोराच्या घरात जे होईल त्याला ही बाई जबाबदार.”

भाऊ पांढराफटक पडला. “ताई, थांब,” तो कळवळून म्हणाला. “तुझ्या पाया पडतो, थांब. रंग खोटा असेल, पण हरणी...”

तेवढ्यात दारातली गर्दी आपोआप बाजूला झाली. वहिनी आत आली. ती धापा टाकत होती, पण कुणाचा हात तिने धरू दिला नाही. भावाने झटकन तोंड फिरवलं आणि दोन्ही हातांनी डोळे झाकून घेतले. ती त्याच्या समोर गेली नाही. ती ताडपत्रीमागे गेली, तिथलं निळ्या टेम्पोचं चाक तिने ओळखलं, कारण नवऱ्याने त्यावर आतल्या बाजूने डाग देऊन तिच्या नावाचं पहिलं अक्षर कोरलं होतं. टायर चोरीला जाऊ नये म्हणून स्टँडवर सगळेच आपापली खूण अशी डागतात. तिने ते चाक लाथेने पुढे लोटलं, आडवं पाडलं, आणि त्यावर बसली. पाय पसरून, पोटावर हात ठेवून, घरच्या ओट्यावर बसावं तशी.

“ही बसले मी तुमच्या हरणीवर,” ती बाबाला म्हणाली. “आता काय व्हायचं ते होऊ द्या. आणि तुम्ही हो,” नवऱ्याकडे पाहून तिचा आवाज चढला, “हात काढा डोळ्यांवरचे. आठवडाभर मी एकटी झोपले. बाळाने पहिल्यांदा इतक्या जोराने लाथ मारली आणि सांगायला घरात कुणी नव्हतं. बाळाचं वाईट तुम्ही जवळ आल्याने होणार आहे, की असं सोडून गेल्याने?”

भावाने मान तिच्याकडे वळवली. पण डोळ्यांवरचे हात काढले नाहीत.

“मावशी,” डॉक्टरीणबाईने बाहेर हाक मारली. “आणा हरणीला.”

भट्टीवरची मावशी साहेबाला घेऊन आत आली. मागच्या पायाने लंगडत, मांडीवर टाक्यांची रांग मिरवत, कान मागे टाकून साहेब गर्दीतून चालत आला. बाबाने गाभण हरणी म्हटलेलं ते जनावर नर आहे, हे लोकांच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. पहिल्यांदा काका हसले. मग कारकून. मग सगळी शेडच खदखदायला लागली. साहेबाने या सगळ्याकडे तुच्छतेने पाहिलं, बाबाच्या बॉयलर सूटच्या खिशात तोंड घातलं आणि असा काही ओरडला की पत्रे वाजले.

तो आवाज ऐकून भावाचे हात खाली आले.

डॉक्टरीणबाईने नारिंगी प्लास्टिकचा तुकडा त्याच्या तळहातावर ठेवला. “जा. तुझ्या इंडिकेटरला लावून बघ. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, बाबावर ठेवू नकोस. स्वतः बघ.”

टेम्पो शेडच्या दारातच होता. तो गेला. तुकडा फुटक्या जागी चपखल बसला. तो पुन्हा पुन्हा काढून बसवत राहिला, आणि प्रत्येक वेळी तो बसला. मग तो परत आत आला आणि बायकोकडे जाण्याआधी मावशीसमोर उभा राहिला.

“मावशी, तो मीच होतो,” तो म्हणाला. “मी थांबलो नाही.”

मावशी मऊ बाई नव्हती. “ते मला ठाऊक आहे रे,” ती म्हणाली. “धडकलास म्हणून मी तुला शिव्या दिल्या नाहीत. ते मेलं गाढव दिवसातून दहादा रस्त्यात उभं राहतं. थांबला नाहीस म्हणून दिल्या. थांबला असतास तर मला कळलं असतं, आणि हे रात्र पडेपर्यंत मातीत बसून राहिलं नसतं.”

मग तो बायकोपाशी गेला. चाकावर तिच्याशेजारी जागा नव्हती, म्हणून जमिनीवरच बसला आणि त्याने तिच्या गुडघ्यावर डोकं टेकलं. स्टँडवरची माणसं तिकडे पाहायचं टाळत ताडपत्रीकडे वळली.

आणि तिथे त्यांना आणखी एक चमत्कार दिसला. ताडपत्रीमागे टायरांचा ढीग होता. ज्यांच्या चाकांना शांती मिळाली होती, त्यांची चाकं. काहींची बाहेरची बाजू घासून तिला काळा रंग दिलेला होता. हँडब्रेककाकांनी एका टायरच्या आतल्या बाजूवरून हात फिरवला आणि ते थबकले.

“ही तर माझी खूण आहे,” ते म्हणाले. “आणि गेल्या महिन्यात मी या मेहुण्याकडून दोन जुनी टायरं घेतली, तीही कुणाची तरी शापितच असणार. त्यांच्यावर मी अख्खा महिना फिरलो की. काही झालं नाही.”

मग प्रत्येकजण आपापल्या गाडीकडे धावला, आणि मेहुण्याकडून घेतलेल्या टायरांच्या आतल्या बाजूने हात घालून खुणा शोधायला लागला. या गोंधळात चाकबाबाने पोबारा केला असता, पण तोवर साहेबाने दारात नेहमीसारखं आडवं उभं राहून रस्ता अडवला होता. कुणीतरी बाबाला आणि मेहुण्याला धरून ठेवलं, आणि हात उचलणाऱ्यांना डॉक्टरीणबाईनेच आवरलं. “मारू नका. पोलिसांना बोलवा, आणि ही बरणी, हा डबा तसाच ठेवा,” ती म्हणाली.

पोलिसांची वाट बघता बघता हँडब्रेककाका तिच्याकडे आले. त्यांचा चेहरा उतरला होता.

“बाई, खोटं तर खोटं. पण एक सांगतो. आम्ही केवळ बाबाला भिऊन थांबत नाही, असं नाही. थांबलो तर लोक गोळा होतात, मारतात, गाडी फोडतात. आणि जनावराच्या डोळ्यांत बघवत नाही. बाबा म्हणाला बघायचं नाही, तर बरंच वाटलं.”

तिला हे अपेक्षित नव्हतं. तिने आजूबाजूला पाहिलं. शेडमध्ये काल रडणारा तो माणूस, आपला भाऊ, हे म्हातारे काका, कुणीच निर्दय नव्हतं. घाबरलेल्या माणसाला पळायला परवानगी हवी होती, आणि बाबाने ती चाकाच्या मोलाने विकली होती.

“काका, घाबरायला माझी हरकत नाही,” ती म्हणाली. “जमावाची भीती वाटली तर पुढच्या पंपावर थांबा. पण थांबा आणि फोन करा. नाहीतर तिथेच गाडी बाजूला घ्या, चारी इंडिकेटर चालू करा, मागून येणाऱ्यांना लांबूनच कळेल असं काहीतरी ठेवा. जनावराने मरावं अशी तुमची इच्छा नसते, तसं मागून येणाऱ्या माणसानेही मरायला नको.” मग तिने साहेबाच्या मागे जाणाऱ्या एका कारकुनाला दंडाला धरून ओढलं. पुढच्या क्षणी त्या जागी साहेबाची लाथ पडली. “आणि हे असं मागून जायचं नाही. दुखणारं जनावर गरीब असलं तरी चावतं, लाथ मारतं, कारण ते घाबरलेलं असतं. हळू बोला. डोळ्यांवर कापड टाका. पाय धरून ओढू नका, तोंडात पाणी ओतू नका. मालक सापडला तर सांगा, नाहीतर मला बोलवा. मी येईन. मेलेलं असलं तरी कळवा, म्हणजे ते रस्त्यातून हलवता येईल.”

“आणि चाक?” मागून कुणीतरी विचारलं.

“चाक पाण्याने धुवा. साध्या.”

त्याच दिवशी दुपार कलताना निळा टेम्पो पुन्हा चार चाकांवर उभा राहिला. चाक भावाने स्वतः बसवलं, नट आवळले, आणि स्टिअरिंगवर हात ठेवून तो जरा वेळ नुसताच बसला. किल्ली त्याने अजून फिरवली नव्हती. वहिनी शेजारच्या सीटवर चढून बसली आणि तिने दार लावून घेतलं.

“घरी?” त्याने विचारलं.

“आधी वळणावर,” ती म्हणाली.

दगडखाणीच्या वळणावर त्याने गाडी बाजूला घेतली, इंडिकेटर चालू केले आणि खाली उतरून तो मागे चालत गेला. मातीत साहेब बसल्याची खूण होती आणि त्याच्या इंडिकेटरचे बारीक नारिंगी तुकडे विखुरले होते. त्याने ते एकेक करून वेचले, दुसऱ्या जनावराच्या पायात जाऊ नयेत म्हणून.

चाकबाबाच्या शेडमध्ये आता टायरपंक्चरचं दुकान आहे. बाबाच्या बरण्या कोर्टात गेल्या, पण असे बाबा बरण्यांशिवायही सापडतात. कुणी चाकात जीव बघतो, कुणी आरशात, कुणी हातावरच्या रेषेत. त्यांना ओळखण्याची खूण मात्र एकच आहे. जो तुम्हाला म्हणेल, तपासायचं नाही, विचारायचं नाही, मागे वळून पाहायचं नाही, तो तुमच्यापासून काहीतरी लपवतो आहे असं खुशाल समजा. तो फडका दाखवेल तेव्हा तोच फडका आधी खांबावर ओढून बघा.

आणि रस्त्यात काही आडवं येऊन आवाज झाला, तर गाडी थांबवा. उतरा. मागे वळून पाहा. तिथे हरणी असेल, कुत्रं असेल, नाहीतर साहेबासारखं एखादं गाढव असेल. जे असेल ते जिवंत असण्याची शक्यता आहे, आणि त्या वेळी तिथे तुमच्याशिवाय दुसरं कुणी नाही.